अंगणातलं बांडगूळ आणि शिंजीर



डिसेंबरात आपल्या ग्रुपवर एका ताईंनी बाल्कनीतल्या जास्वंदीचा फोटो टाकला होता. फुलाला उलटा लटकलेला अंगठ्याएवढा पिवळसर पक्षी आणि खाली ओळ, ‘आमच्याकडे हमिंगबर्ड आला!’ त्यावर भराभर हृदयं पडली. मी ‘ताई, तो हमिंगबर्ड नाही’ असं टाइप केलं आणि पुसून टाकलं. ग्रुपवर कुणाचा आनंद दुरुस्त करायला जाऊ नये, एवढी अक्कल दहा-बारा वर्षं ऑफिसात काढल्यावर मलाही आली आहे. पण सदराची जागा माझी आहे, तेव्हा इथे सांगतो.

हमिंगबर्ड भारतात नाहीत. त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्याच्या सगळ्या अमेरिका खंडांत. तिकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांना ते परसात दिसत असतील. आपल्याकडे जो दिसतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. दोघांचं काम एकच, फुलातला मध पिणं. त्यामुळे बारीक शरीर, लांब चोच आणि उन्हात चमकणारी पिसं दोघांनाही मिळाली. पण नातं काही नाही. हमिंगबर्ड हा पाकोळीच्या गोतावळ्यातला, तर शिंजिराचे जवळचे भाऊबंद म्हणजे फुलटोचे. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो. शिंजीर कधीमधी तसं करून बघतो, पण त्याचा जीव रमतो तो फांदीवर बसून, वाकून, प्रसंगी उलटं लटकून प्यायला. ताईंच्या फोटोतली ती शिंजिराची मादी होती. नर काळा-जांभळा झगमगतो, मादी साधी, पिवळसर.

हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं असं समजू नका. माझं गाव पेडणे तालुक्यात. आमच्याकडे घरात बोलायचं कोकणीत आणि लिहा-वाचायचं मराठीत. पण या पक्ष्याला घरात दोन्ही भाषांत एकच नाव होतं, ‘ती बारीक चिमणी’. शिंजीर हा शब्द मला बंगळुरात आल्यावर पुस्तकात भेटला. घरच्या अंगणातल्या पक्ष्याचं नाव साडेपाचशे किलोमीटरवर जाऊन शिकावं, हे जरा लाजिरवाणंच.

यंदा नाताळच्या सुट्टीला जोडून तीन आठवडे घरी होतो. अर्धा वेळ सुट्टी आणि अर्धा वेळ पडवीत लॅपटॉप. तिसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग चालू असताना बाहेरून टकटक आवाज यायला लागला. बघतो तर बाबांच्या गाडीच्या आरशावर एक शिंजीर बसलेला आणि आतल्या ‘दुसऱ्या’ शिंजिराशी त्याचं जुंपलेलं. चोच मारायची, वर उडायचं, परत यायचं, पुन्हा चोच. अर्धा तास झाला तरी दोघांपैकी कुणी हरेना. बाबांनी शेवटी दोन्ही आरशांना जुने मोजे घातले. गाडी ती अजून तशीच उभी असते. येणारे-जाणारे विचारतात आणि बाबा प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगतात.

आमच्या खळ्यात दोन जाती नेहमी असतात. आरशावर भांडणारा होता तो जांभळ्या पुठ्ठ्याचा शिंजीर. नराचं डोकं हिरवं झळकतं, पाठ तांबूस, गळा जांभळा, पोट पिवळं. दुसरा आहे जांभळा शिंजीर. तो लांबून नुसता काळा दिसतो आणि ऊन पडलं की निळा-जांभळा पेटतो. याची एक गंमत आहे. विणीचा हंगाम संपला की हा नर आपले राजेशाही कपडे उतरवून ठेवतो आणि मादीसारखा पिवळट होतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते, जशी शर्टावर टाय. माझ्या लेकीने त्याचं नाव ‘ऑफिसचा काका’ ठेवलंय. जांभळ्या पुठ्ठ्याचा नर मात्र बारा महिने नटलेला असतो.

तिसरा कधीतरी येतो, लोटेनचा शिंजीर. अठराव्या शतकात सिलोनला योहान गिडिऑन लोटेन नावाचा डच गव्हर्नर होता, त्याच्यावरून हे नाव. दिसायला जांभळ्या शिंजिरासारखाच, पण चोच बघितली की शंका उरत नाही. लांबलचक आणि कोयत्यासारखी वाकलेली. आमच्या जास्वंदीवर तो आला की समोरून फुलात शिरायच्या भानगडीत पडत नाही. देठाशी बाहेरून भोक पाडतो आणि मध ओढून घेतो. फुलाला परागकण पोचवण्याच्या बदल्यात मध, असा जो अलिखित करार आहे तो इथे सरळ मोडला जातो. इतर शिंजीरही जास्वंदीला असंच फसवतात.

पाचव्या-सहाव्या दिवशी आईने पडवीतली जळमटं काढायला केरसुणी उचलली. टांगलेल्या कुंडीच्या तारेला कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला कचऱ्याचा एक गोळा लोंबत होता. सुकी पानं, सालीचे तुकडे, काहीतरी भुगा. ती केरसुणी मारणार एवढ्यात त्या कचऱ्यातून एक चोच बाहेर आली. आई चार पावलं मागे.

शिंजिराचं घरटं असंच असतं. मुद्दामच असं असतं, म्हणायला हवं. मादी कोळ्याचं जाळं गोळा करून त्याने सुक्या काड्या-पानं बांधते, बाहेरून सालपटं आणि अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की कचरा लोंबतोय. बाजूला गोल दार, दारावर पुढे आलेली छोटी पडवी, आत मऊ कापूस. अंडी बहुतेक दोन. उबवायचं काम मादीचं, साधारण दोन आठवडे. पिल्लं झाली की भरवायला नरही येतो. आणि पिल्लांना मध नव्हे, कोळी आणि बारीक किडे भरवतात. नुसत्या साखरेच्या पाण्यावर पोर वाढत नाही, हे त्यांनाही कळतं. (आमच्या घरातल्या सात वर्षांच्या व्यक्तीला हे अजून पटलेलं नाही.)

त्या दिवसापासून पडवीचा तो कोपरा बंद. आईने कुंडीला पाणी घालायचंही सोडलं. मी माझी खुर्ची सरकवून अशा जागी नेली की स्क्रीनच्या वरून घरटं दिसावं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मादी घरट्यातून निघाली की प्रत्येक वेळी एकाच दिशेला जाते. विहिरीपलीकडच्या मानकुरादाकडे.

मानकुराद म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या वाचकांना एका वाक्यात सांगतो. तो आमचा हापूस आहे, आणि हे वाक्य मी आमच्या गावात मोठ्याने बोलू शकणार नाही, कारण तिथे हापूसच खालचा समजतात. आमचा मानकुराद आजोबांनी लावलेला. जानेवारीत त्याला मोहोर येऊ लागला होता. पण आंब्याच्या मोहोरावर गर्दी असते ती माश्यांची. ती फुलं एवढी बारीक आणि उघडी की शिंजिराच्या चोचीला तिथे फारसं काम नाही. मग ही तिथे काय करते? बाबांची दुर्बीण लावून बघितलं. ती आंब्यावर नव्हतीच. आंब्यावर वाढलेल्या बांडगुळावर होती.

बांडगूळ सगळ्यांना ठाऊक असतं ते शिवी म्हणून. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा तो बांडगूळ. झाड म्हणून फार कमी जणांनी नीट बघितलेलं असतं. जाड, चामड्यासारखी पानं, त्यांच्या बगलेत शेंदरी, किंचित वाकलेल्या लांब नळ्यांची फुलं, टोकाला हिरवट. ती वाकलेली नळी आणि शिंजिराची वाकलेली चोच शेजारी ठेवून बघा, कुलूप-किल्ली. नळीत चोच गेली की फुलातले पुंकेसर पक्ष्याच्या कपाळाला टेकतात. कपाळावर परागाचा टिळा लावून तो पुढच्या फुलाकडे जातो. इथे फसवाफसवी नाही, करार दोन्हीकडून पाळला जातो.

मी हे उत्साहाने बाबांना सांगायला गेलो. बाबा म्हणाले, “बरं झालं आठवण केलीस. शनिवारी पाडेली नारळ काढायला येणार आहे, त्यालाच चढवतो. सगळं बांडगूळ काढून टाकूया.”

बाबांचं चूक नव्हतं, हे आधी सांगतो. बांडगूळ झाडाच्या फांदीत आपली मुळं रुतवून पाणी आणि क्षार ओढतं. पानं हिरवी असल्यामुळे अन्न स्वतः तयार करतं, पण कच्चा माल सगळा यजमानाचा. फांदीला तिथे गाठ येते आणि गाठीच्या पुढचा भाग हळूहळू सुकतो. आमच्या मानकुरादाच्या पश्चिमेकडच्या दोन फांद्या अशाच गेल्या. वरच्या बाजूला काजूची पन्नासेक झाडं आहेत, त्यातल्या काहींवर आता चढू लागलंय. बाबांची पेन्शन आहे, पण काजूचे पैसे ही त्यांची स्वतःची, कुणाला हिशेब न द्यायची कमाई. त्यांना बांडगूळ म्हणजे चोर वाटतो आणि मला ते अमान्य करता येत नाही.

त्या रात्री मी शोधत बसलो आणि एक जुनी गोष्ट सापडली. सलीम अलींनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये नेमक्या याच विषयावर लेख लिहिला होता, कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचे काय भूमिका बजावतात यावर. त्या सुमारास ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. हाताशी नोकरी नव्हती आणि वेळ भरपूर होता. सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यासही तिथलाच. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी भारतातल्या फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुलं यांवर मोठा लेख लिहिला. म्हणजे माझ्या पडवीतून जे दिसलं ते नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी नीट बसून, मोजून, लिहून ठेवलेलं होतं. ते पेडण्याच्या किनाऱ्यावरून उत्तरेला, त्याच कोकणात.

या कारखान्यात दोन पाळ्या आहेत. पहिली शिंजिराची, ती परागीभवनाची. मग फळ धरतं, लालसर, लंबगोल, आत चिकट गर. दुसरी पाळी फुलटोच्याची. हा शिंजिराहूनही बुटका, मातकट रंगाचा, आखूड चोचीचा पक्षी. फिकट चोचीचा फुलटोचा फळ आख्खं गिळतो आणि काही मिनिटांत बी बाहेर टाकतो. बी इतकं चिकट असतं की ते सहजासहजी पडत नाही, म्हणून तो फांदीवर बूड घासून ते सोडवतो. जाड चोचीचा फुलटोचा गर खातो आणि चोचीला चिकटलेलं बी फांदीला पुसतो. दोन्ही तऱ्हेने बी नेमकं फांदीवर लागतं, जमिनीवर नाही. जमिनीवर पडलं तर त्याचा उपयोगही नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सलीम अलींची काजूची बाग नव्हती.”

शनिवारला तीन दिवस होते. मध्ये मामाकडे जायचं ठरलेलं होतं. मामाचं घर डिचोली तालुक्यात, साखळीच्या पुढे, सत्तरीच्या हद्दीजवळ. पेडण्याहून कोलवाळचा पूल, अस्नोडा, डिचोली, साखळी असा रस्ता. घाटाच्या दिशेने जाऊ लागलं की शिंजीरही बदलतात. मामाच्या कुळागरात पोफळी, केळी, मिरवेल, मधून पाट वाहतो. तिथे सकाळी किरमिजी पाठीचा शिंजीर दिसला. आठ सेंटिमीटरचा पक्षी, आमच्या अंगणातल्या शिंजिरांहूनही लहान. सह्याद्री सोडून हा जगात कुठे नाही. केळफुलावर छोटा कोळीखाऊ होता. नाव कोळीखाऊ, पण मधाचा तेवढाच शौकीन आणि चोच शरीराच्या मानाने अवाढव्य. हा आपलं घरटं केळीच्या पानाखाली कोळ्याच्या धाग्यांनी टाचून बसवतो.

अजून वर, घाटाच्या पायथ्याच्या रानात विगर्सचा शिंजीर असतो, लाल गळ्याचा, तोही सह्याद्रीच्या उत्तरेकडच्या भागातलाच रहिवासी. मामेभावाबरोबर दोन सकाळी फिरलो पण दिसला नाही. किरमिजी पाठीचा आणि विगर्सचा, या दोघांनाही शास्त्रीय नाव देणारा माणूस एकच, कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी विल्यम सायक्स. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातलं विगर्स हे नाव लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या पहिल्या सचिवाचं. आपल्या डोंगराबाहेर न जाणाऱ्या पक्ष्याला अशा माणसाचं नाव चिकटलंय.

परतताना डिचोली परिसरातल्या खाणींचे ढिगारे लागतात. लहानपणी ते लालभडक असायचे आणि रस्त्यावर ट्रकांच्या रांगा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. आमच्या मामेभावांपैकी एकाचा ट्रक तेव्हा विकावा लागला, म्हणून या विषयावर मी मामाकडे तोंड उघडत नाही. आता बरेच ढिगारे हिरवे दिसतात. पण नीट बघितलं तर ती हिरवळ बरीचशी ऑस्ट्रेलियन अकेशियाची आहे. माती धरून ठेवायला ती लावली, ते काम ती करते. शिंजिराला त्यात देण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नाही. मी गाडी थांबवून दहा मिनिटं उभा राहिलो. खालच्या उतारावर आपोआप उगवलेल्या धायटीच्या एका झुडपावर एक नर होता, वरच्या अकेशियात कुणी नाही. दहा मिनिटांच्या निरीक्षणावर सिद्धांत मांडू नये हे खरं, म्हणून मांडत नाही.

आणि पेडण्याचं काय? मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. सड्याच्या उतारावर करवंद, कुडा, मुरुडशेंग. पावसाळ्यात मुरुडशेंगीच्या लाल फुलांवर शिंजीर हमखास. हजारो झाडं गेली. मी त्या वेळी बंगळुरातून निषेधाच्या पोस्ट शेअर केल्या होत्या. यंदा त्याच विमानतळावर उतरलो आणि पाऊण तासाच्या आत घरी जेवायला बसलो. आईला याचा केवढा आनंद. मलाही झाला. आता काय म्हणू?

शुक्रवारी रात्री बाबा आणि मी टॉर्च घेऊन परसात गेलो. पाडेली सकाळी सातला येणार होता. मी माझ्या धंद्यातलं उदाहरण देऊन बघितलं, की जुन्या प्रोग्रॅममधली निरुपयोगी वाटणारी ओळ काढली की तिसरंच काहीतरी बंद पडतं. बाबांनी विचारलं, “मग तुम्ही काय करता, काढतच नाही?” काढतो, म्हटलं, पण आधी कोण वापरतंय ते बघतो.

शेवटी असं ठरलं. काजूवरचं सगळं काढायचं. मानकुरादावरचंही काढायचं, पण पडवीतली पिल्लं उडून गेल्यावर. मागच्या कुंपणाला एक रायवळ आंबा आहे, आंबट, लोणच्याशिवाय कुणी विचारत नाही. त्याच्यावरचं बांडगूळ ठेवायचं. बाबांचा आक्षेप रास्त होता, “तिथून फुलटोचा परत काजूवर आणेलच की.” आणेल. त्यावर उपाय एकच, दर वर्षी पाऊस संपल्यावर काजूच्या फांद्या बघत फिरायचं आणि कोवळं रोप दिसलं की खुडायचं. एकदा मुळं फांदीत रुतली की गाठीखालून फांदीच कापावी लागते. म्हणजे माझ्या हौसेचं काम बाबांच्या गळ्यात. हे मला तिथेच कळलं होतं. त्यांनीही बोलून दाखवलं.

शनिवारी पाडेलीने काजूवरून तीन भारे काढले. रायवळावर चढू नको म्हटल्यावर त्याने बाबांकडे असं बघितलं की घरात काही बिनसलंय का.

पिल्लं दोन होती. आमच्या परतीच्या आदल्या दिवशीपर्यंत दोन्ही चोची दारात दिसत होत्या. नंतर आईने फोनवर सांगितलं की एका सकाळी घरटं रिकामं होतं. उडून गेली की भारद्वाजाने नेली, ते कुणी बघितलं नाही. घरटं फाटलेलं नव्हतं, एवढंच. लेकीला आम्ही उडाली असं सांगितलंय.

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. काजूच्या बागेत फिरून आले होते. दोन-दोन पानांची चार रोपं मिळाली, नखाने खुडली म्हणाले. मग थोडं थांबून, “तुझ्या त्या रायवळावर आज तो लांब चोचीचा आला होता. काय नाव त्याचं?”

लोटेनचा, म्हटलं.

“हां, तोच. आरशावरचे मोजे अजून काढलेले नाहीत हो.”